बेनो आणि एक भाई

सभेत बोलावयास उभे राहिले की 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे शब्द माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडतात. त्या संबोधनात बंधू आधी येतात आणि भगिनी मागून येतात, इकडे वीस वर्षांत माझे कधी लक्ष गेले नव्हते. ते गेले एका सकाळी सव्वासहा वाजता, सुरतेत, तापीपलीकडच्या अडाजणमधील एका वाडीत. वाडी हा शब्द वाचून कोकणातल्या वाचकाने माडापोफळींची कल्पना करू नये. गुजरातेत वाडी म्हणजे लग्नकार्यासाठी बांधलेले ज्ञातीचे सभागृह. त्या सभागृहात सदतीस स्त्रियांच्या पाठीमागे, शेवटच्या ओळीत, एका खांबाच्या आश्रयाने मी उभा होतो. पुढून खणखणीत आवाज आला, "चालो बेनो!" आणि सदतीस उजवे पाय एकदम उचलले गेले. अडतिसावा तेवढा जमिनीवरच राहिला. तो उचलावा की उचलू नये, असा मला प्रश्न पडला होता. कारण आज्ञा बहिणींना झाली होती आणि मी पडलो भाऊ!

मी तेथे कसा जाऊन पोहोचलो हे आधी सांगितले पाहिजे. 'सुरतचे जेवण आणि काशीचे मरण' अशी एक म्हण इकडे प्रसिद्ध आहे. या दोहोंतील अंतर वाटते तितके मोठे नाही, असे माझ्या डॉक्टरांचे मत आहे. सकाळी लोचो किंवा खमण, हिवाळ्यात उंधियू आणि कोवळ्या जोंधळ्याचा पोंक, शरद पौर्णिमेनंतरच्या चांदणी पडव्याला तुपात न्हालेली घारी, असा क्रम वर्षानुवर्षे पाळल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्तातील साखरेने मर्यादा ओलांडली आणि न्यायालयातल्या खुर्चीवरून उठताना कंबर तक्रार करू लागली. माझे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. डॉक्टरांनी कागदावर दोन आकडे लिहिले, ४५ आणि ५२, आणि त्यांची वजाबाकी मला करावयास सांगितली. युक्तिवादाची सवय असलेल्या माणसाला गप्प करण्याचा याहून परिणामकारक उपाय मी पाहिलेला नाही.

एकट्याने फिरावयास जाण्याचा प्रयोग मी करून पाहिला होता. तो दर वेळी नवव्या किंवा दहाव्या दिवशी संपे. लोखंड उचलण्याच्या व्यायामशाळेतही महिनाभर गेलो. तेथील तरुण आरशात स्वतःकडे पाहत आणि मला पाहून आरशाची दिशा बदलत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ज्या ठिकाणी तुम्ही गैरहजर राहिलात तर कोणी तरी विचारील, अशा ठिकाणी जा." माझ्या पत्नीने वाडीच्या फाटकावरची पाटी वाचून ठेवली होती. तिची शाळा सकाळची, म्हणून तिला स्वतःला जाणे शक्य नव्हते. ती पाटी मी वकिलाच्या नजरेने दोनदा वाचली. समूह-व्यायाम, आठवड्याचे पाच दिवस, सोमवारी झुंबा, मंगळवारी योगासने, शुक्रवारी गरबा; शुल्क अमुक इतके. 'फक्त स्त्रियांसाठी' असे कोठेही लिहिलेले नव्हते. जे निषिद्ध नाही ते अनुज्ञेय आहे, हे तत्त्व मनाशी धरून मी पैसे भरले. पाटीवर जे लिहिलेले नसते, पण सर्वांना ठाऊक असते, त्याचा अर्थ लावण्याची कला कायद्याच्या महाविद्यालयात शिकवीत नाहीत.

पहिल्या आठवड्यातली माझी अवस्था वर्णन करण्यासारखी नाही. तरी थोडी करतो. सर्वजणी डावीकडे जात तेव्हा मी उजवीकडे जाई, आणि चूक सुधारून मी डावीकडे वळे तोवर त्या सर्व उजवीकडे येत. त्यामुळे सगळा वर्ग वारंवार माझ्या दिशेने चाल करून येत असल्याचा भास होई. सुरतेच्या स्त्रियांना लहानपणापासून गरब्याचा सराव. तीन टाळ्यांचा फेर, दोढियुं या गोष्टी त्यांच्या पायांना तोंडपाठ. कोलंबियाचे ताल असोत की काठियावाडचा, त्यांच्या अंगात तो न सांगता शिरे. साठी उलटलेल्या एक मासी जाड भिंगांचा चष्मा दोरीने बांधून येत आणि माझ्या दीडपट वेगाने गिरकी घेत. मी घामाने निथळून खांबाला टेकलो, की त्या माझ्याकडे सहानुभूतीने पाहून म्हणत, "वकीलभाई, श्वास घ्या, श्वास!"

आणि अधूनमधून तो पुकारा: "चालो बेनो!" कायद्याच्या माणसाला त्यात एक गंमत दिसणे स्वाभाविक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या आठव्या कलमात सांगितले होते की, 'तो' हे सर्वनाम स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही व्यक्तीसाठी वापरलेले आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेनेही तो नियम ठेवला आणि त्यात तृतीयपंथी व्यक्तींची भर घातली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे या देशातली स्त्री 'तो' या शब्दात राहत आली आहे. तिला तेथे गुदमरते का, हे माझ्यासारख्याने कधी विचारले नाही. आता माझ्यावर 'बेनो' या शब्दात राहावयाची पाळी आली होती. पहिले चार दिवस तो शब्द मला टोचला, नंतर त्याची गंमत वाटली आणि दोन आठवड्यांनी माझा पाय त्या हाकेसरशी उचलू लागला. शब्दात जागा करून घ्यावयास मला केवळ पंधरा दिवस लागले, याचा मला थोडा अभिमानही वाटला. तो अभिमान अनाठायी होता, हे पुढे कळले.

पुरुष अशा वर्गाला का येत नाहीत, हा विचार मी त्या काळात पुष्कळ केला. पुरुषांना व्यायामाचे वावडे आहे म्हणावे, तर या भूमीचा इतिहास वेगळेच सांगतो. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने किती तरुणांची शरीरे घडवली! तेथेच शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांची परीक्षा प्रयोगशाळेत सुरू केली. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या देगामचे श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली. तालीम काय किंवा योगशाळा काय, दोन्ही ठिकाणी पुरुषच गुरू आणि पुरुषच शिष्य. श्रीयोगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांचे स्त्रियांच्या योगशिक्षणावरील पुस्तक १९३४ चे. तोवर या विषयावर स्त्रीने स्त्रियांसाठी लिहावे ही कल्पनाच नवी होती. इंद्रा देवी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या परदेशी बाई त्याच दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत गेल्या, तेव्हा कृष्णम्माचार्यांनी त्यांना प्रथम नकार दिला. महाराजांनी शब्द टाकल्यावर प्रवेश मिळाला. त्याच बाईंनी पुढे हॉलिवूडला योगवर्ग उघडला. जेथे स्त्रीला राजाची शिफारस आणावी लागे, तेथे आज सकाळच्या वर्गांत पुरुष शोधावा लागतो. २१ जून २०२३ रोजी सुरतेच्या रस्त्यावर सुमारे दीड लाख माणसांनी एकत्र आसने करून जागतिक विक्रम केला, तेव्हा पुरुषांची वाण नव्हती. पण तो एक दिवस होता. रोज सकाळी, कोणी छायाचित्र घेत नसताना, चुकणारा पाय चारचौघींत दाखवण्याची तयारी ही निराळी गोष्ट आहे. आणि झुंबा तर एका पुरुषाचीच निर्मिती! कोलंबियातील काली शहरचा बेतो पेरेस एके दिवशी वर्गाच्या नेहमीच्या ध्वनिफिती आणावयास विसरला आणि जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या फितींवर त्याने वेळ मारून नेली. त्यातून हा प्रकार जन्मला, अशी त्याची कथा आहे. पुरुषाच्या विसरभोळेपणाचा इतका सदुपयोग जगात क्वचितच झाला असेल.

परंतु स्त्रियांनी एकत्र जमून घामाघूम होणे आपल्याकडे नवे कोठे आहे? माझे आजोळ वेंगुर्ल्याजवळचे. चतुर्थीच्या दिवसांत गणपतीपुढे रात्री फुगड्या रंगत. हातांची कातरी करून, पायांची बोटे पायांशी जुळवून दोघी जणी अशा गरगरत की माजघरातील समई हलू लागे; आणि फुगडी भरात आली की 'फू फू' असा श्वासांचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई. दिवसभर चुलीपुढे वाकलेल्या, कोणाशी मोठ्याने न बोलणाऱ्या माझ्या मामी त्या रात्री दात दिसेपर्यंत हसत. मीही त्यांच्यात नाचे. मग एका वर्षी, मी दहा वर्षांचा असताना, आजीने माझे मनगट धरून मला दाराबाहेर आणले आणि म्हणाली, "तू आता बापयमाणूस झालंस. भायर बस." मी ओसरीवर बसून रडलो. मला वाटले, माझे काही काढून घेतले. आतल्या बायकांकडे त्या एका दाराखेरीज आपले म्हणावे असे वर्षभरात दुसरे काही नव्हते, हे कळण्याचे माझे वय नव्हते. अडाजणच्या वाडीत मला बाहेर बसा असे कोणी म्हटले नाही, तेव्हा पस्तीस वर्षांपूर्वीचे ते दार पुन्हा उघडल्यासारखे मला वाटले. आणि त्या आनंदात, आपण आत आलो म्हणजे आतले काय बदलते, हे पाहावयाचे राहून गेले.

मला मिळालेली वागणूक तर अशी, की अल्पसंख्याकांच्या हक्कांवर भाषण करणाऱ्याने ऐकून खाली बसावे. दुसऱ्या महिन्यात माझ्या डोक्यावर पंखा आला. जाड सतरंजी माझ्यासाठी राखून ठेवण्यात येऊ लागली. एकदा मी सलग बारा सूर्यनमस्कार घातले तर टाळ्या पडल्या. शेजारच्या मासींनी पंचवीस घातले होते, त्यांना पाणीदेखील कोणी विचारले नाही. वाडीच्या व्यवस्थापकाने भाडे वाढवण्याची भाषा केली तेव्हा, "वकीलभाई बोलतील," असे एकमुखाने ठरले. शिक्षिकाबाईंचा घसा बसला त्या दिवशी आकडे मोजण्याचा ध्वनिक्षेपक कोणाच्या हाती आला? ज्याला एकाही तालावर नीट पाय टाकता येत नव्हता, त्याच्या! पुढे येऊन उभे राहा, असाही आग्रह झाला. तो मात्र मी विनयाने नाकारला. "मी आपला शेवटच्या ओळीतच बरा," असे मी म्हणालो, आणि आपल्या नम्रतेवर मनातल्या मनात प्रसन्न झालो.

त्याच सुमारास एका दुपारी, पक्षकाराची वाट पाहत बसलो असताना, मला एक जुनी गोष्ट आठवली. उमेदवारीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी काही महिने काम करीत असे. तेथील वकिलांच्या खोलीत तीस-पस्तीस पुरुष बसत. एक तरुण वकील बाई तेथे नव्याने येऊ लागल्या. त्यांना कोणी अडवले नाही. अपशब्द वापरला नाही. त्या आत आल्या की बोलणे थांबे, एवढेच. डबा त्या दप्तरखान्याच्या व्हरांड्यात उभ्याने खात. एकदा त्यांनी तात्पुरत्या मनाईहुकुमाच्या एका अर्जावर उत्तम युक्तिवाद केला. बाहेर येऊन मी सहकाऱ्यास म्हणालो, "बाई असून चांगलं बोलल्या." ते वाक्य त्यांच्या कानी पडले, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले. वर्षभरात त्यांनी काम सोडले. कारण मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.

इतके दिवस माझी अशी समजूत होती की, अडतिसात एकटा असण्याचे भोग मीही आता भोगले, त्या बाईंचे आणि माझे खाते सारखे झाले. त्या दुपारी लक्षात आले की वाडीत माझ्याविषयीही तोच शब्द वापरला जातो. "पुरुष असून रोज येतात हो!" 'बाई असून' आणि 'पुरुष असून': व्याकरण एकच, पण एकाने माणूस व्हरांड्यात जातो आणि दुसऱ्याने पंख्याखाली येतो. एकटेपणाची बेरीज-वजाबाकी दोन्हीकडे सारखी नसते. बाहेरच्या जगात माझे जे वजन आहे, ते दाराशी चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. ते माझ्याबरोबर आत येते आणि जागा व्यापते.

हे वजन किती जुने आहे! नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन परतल्या. पण वकिली करण्याचा अधिकार त्यांना तेव्हा मिळाला नाही. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश होतो हा नियम पुस्तकात होताच. तरी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो येथे लागू होत नाही असे ठरवले. अखेर १९२३ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा वकिलीचे दार उघडले. म्हणजे दंड भोगण्यासाठी स्त्री 'तो' या शब्दात सहज मावत होती. सनद मागू लागली की त्यातून बाहेर पडत होती. 'बेनो' या शब्दात मी पंधरा दिवसांत सुखाने राहू लागलो, कारण त्या शब्दाने माझे काहीही अडत नव्हते.

हे विचार मनात घोळत असतानाच ती गोष्ट घडली. वर्गात विशीतली एक नवी सून येई. तिचा पाय मोठा तालाचा. पण ती नेहमी दुपट्टा कमरेला घट्ट बांधून, अंग चोरून नाचे. ती आठ दिवस दिसली नाही. मासींकडून कळले की, वर्गात एक पुरुष असतो ही बातमी तिच्या सासऱ्यांच्या कानी गेली आणि तिचे येणे बंद झाले. मला कोणीही दोष दिला नाही. उलट सर्वजणींनी सासऱ्यांनाच नावे ठेवली. तरी घरी येऊन मी अस्वस्थ झालो. माझी प्रकृती सुधारली होती. तीन महिन्यांत साखर उतरली होती. ४५ आणि ५२ यांमधले अंतर वाढण्याची आशा वाटू लागली होती. आणि त्याची किंमत एका मुलीची सकाळ!

माझ्यातल्या वकिलाने लागलीच दोन्ही बाजू मांडल्या. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात लिंगावरून भेदभाव करण्याला मनाई आहे. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मोकळीकही आहे. राज्याला लागू असलेले हे नियम ज्ञातीच्या वाडीत चालत नाहीत हे मला ठाऊक होते. पण मनाला आधार हवा असला की माणूस जवळचे पुस्तक उघडतो. रात्री दोनपर्यंत मी असा स्वतःशी भांडलो आणि सकाळी शिक्षिकाबाईंना म्हणालो, "उद्यापासून मी येत नाही."

वर्ग संपल्यावर सतरंज्यांवरच बैठक भरली. एक हिशेबनीस बाई म्हणाल्या, "आज वकीलभाई गेले, तर उद्या त्यांचे सासरे पहारेकरी काढा म्हणतील." दुसऱ्या कोणी म्हणाल्या, "पण ते गेले आणि ती आली, तर काय वाईट?" बराच वाद झाला. मग एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या सहसा बोलत नसत, त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला कोणी विचारलं का?"

सगळे स्तब्ध झाले. मला तर चपराक बसल्यासारखे झाले. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व! अनुच्छेद, खंड, सासरे, हक्क या सर्वांचा ऊहापोह मी रात्रभर केला; जिचा प्रश्न होता ती त्यात कोठेच नव्हती. पुन्हा एकदा मी विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी दोघी जणी तिच्या घरी गेल्या. तिने दिलेले उत्तर मासींनी दुसऱ्या दिवशी मला जसेच्या तसे सांगितले: "सासऱ्यांचं मी बघून घेईन. वकीलभाई येतात त्याला माझी हरकत नाही. पण ते आमच्या पाठीमागे उभे असतात."

शेवटची ओळ! जिला मी नम्रता समजत होतो, ती जागा सदतीस पाठींच्या मागे होती. मी कोणाकडे पाहत नव्हतो. माझी नजर खांबावर आणि स्वतःच्या पायांवर असे. पण हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते; आणि कोणी पाहत आहे की नाही हे वळून तपासावे लागणे, यालाच तर ओझे म्हणतात. ते ओझे कोणालाही न सांगता ती मुलगी कमरेच्या दुपट्ट्यात घट्ट बांधून रोज नाचत होती. आपण कमीपणा घेतला म्हणजे दुसऱ्याला मोकळीक मिळाली, असे समजणे हाही एक अहंकारच आहे.

सुरतेतच १८९७ मध्ये जन्मलेल्या हंसाबेन मेहता यांची मला तेव्हा आठवण झाली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना 'सर्व पुरुष स्वतंत्र व समान जन्मतात' असा अर्थ होऊ शकणाऱ्या इंग्रजी शब्दाला त्यांनी हरकत घेतली आणि त्या जागी 'सर्व मानवप्राणी' असा शब्द घालण्याचा आग्रह धरला. जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या कलमात तोच शब्द होता. त्या सभेतील सज्जनांना आपल्या शब्दाने कोणाचे काही अडते असे खचितच वाटत नसेल. ज्याला जागा मिळालेली असते त्याला ती दिसत नाही. जो दारात उभा असतो त्याला दिसते. म्हणून त्याला विचारावे लागते. कायद्याच्या वीस वर्षांत जे मी नुसते पाठ म्हणत होतो, ते एका विशीतल्या मुलीने एका वाक्यात शिकवले.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, भिंतीशी उभा राहू लागलो. ही बढती नव्हे, हे मी सर्वांना स्पष्ट सांगितले. आणि सांगावयाची गरज नव्हती हेही लवकरच दिसून आले. आता माझी प्रत्येक चूक सदतीस जोडी डोळ्यांना दिसते. शर्ट वर सरकला की मी तो खाली ओढतो. वाकताना पाठीमागे कोण आहे याचा विचार मनात येतो. पाहिले जाणे म्हणजे काय, याचे थोडेसे, अगदी थोडेसे ज्ञान मला झाले आहे. ध्वनिक्षेपक मी परत केला. भाड्याची बोलणी हिशेबनीस बाईंकडे गेली. त्यांनी वाढ तर रद्द करून घेतलीच, वर पावसाळ्यात चपला ठेवण्यासाठी एक फळीही मिळवली. मला एवढे कधी साधले नव्हते.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. एकटी मात्र नव्हे. घरात झालेल्या तडजोडीनुसार सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी दाराजवळची खुर्ची ओढून अगदी माझ्या कोपऱ्याशेजारी आणली आणि हातात माळ घेऊन पहारा सुरू केला. तीन दिवस त्या नुसत्या बसल्या. चौथ्या दिवशी माळ मांडीवर राहिली आणि टाच जमिनीवर ठेका धरू लागली. शुक्रवारी गरब्याचा ताल सुरू झाला तेव्हा त्या उठल्या, पदर खोचला, आणि दोढियुंच्या फेरात अशा काही शिरल्या की शिक्षिकाबाईदेखील क्षणभर थबकल्या. सून मागल्या ओळीत तोंडावर हात धरून हसत होती. दुपट्टा तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. मला वेंगुर्ल्याचे माजघर आठवले आणि हलणारी समई आठवली. आजीने मला बाहेर बसवले त्याचा राग, इतक्या वर्षांनी, त्या तालावर निवळून गेला.

मराठीत नवराबायको 'आली' म्हणतात, कोकणीत 'आयलीं', गुजरातीत 'आव्यां'. स्त्री आणि पुरुष एकत्र आले की या तिन्ही बहिणी दोघांपैकी कोणा एकाचे लिंग दुसऱ्यावर लादीत नाहीत. दोघांना नपुसकलिंगात सारख्याच जागा देतात. व्याकरणाने जे केव्हाच करून ठेवले आहे, ते माणसांना सकाळी सव्वासहाला घाम गाळून शिकावे लागते. हल्ली आमच्या शिक्षिकाबाई कधी "चालो बेनो" म्हणतात, कधी "चालो बधां". मला दोन्ही चालतात. मात्र सासूबाईंना दोन्हींनी समाधान होत नाही. त्यांनी पहारा सोडला असला तरी देखरेख सोडलेली नाही. तालाच्या ऐन भरात, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या मला बजावतात:

"वकीलभाई, डावा पाय! डावा!"